दोन ड्रमवाली घरगुती कोळसा भट्टी: आठ वेळा लावल्यानंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू पहिली भट्टी लावल्यावर लगेच लिहिला असता तर एक स्टार देऊन मोकळी झाले असते. आता आठ वेळा लावून झालीय, साडेतीन देतेय. दीड स्टार कुठे कापला ते सांगतेच, पण त्यातला थोडा वाटा माझ्या घाईचा होता तेही लपवत नाही.

मला कोळसा कशाला लागतो तर मी हौसेखातर छोटं लोहारकाम करते, छिन्न्या, पटाशा, लहान सुऱ्या, असलंच. भात्यावर दगडी कोळसा वापरून वैताग आला होता, त्याचा गंधकाचा वास नाकात बसतो, तळाला कीट साचतं, आणि पोलाद तापवताना गंधक मुळात नकोच असतं. लाकडी कोळशात, म्हणजे जुनी माणसं ज्याला लोणारी कोळसा म्हणतात त्यात, गंधक नसल्यात जमा. पण विकतचं पोतं उघडावं तर तळाशी नुसती भुकटी आणि मधेमधे अर्धकच्चे तुकडे, भाता मारला की धूर थेट डोळ्यांत. कठीण लाकडाचे ओंडके माझ्याकडे ढीगभर पडलेले होतेच, म्हटलं घरीच करू, त्यात काय एवढं. (हे 'त्यात काय एवढं' पुढे फार महागात पडलं.)

वस्तू अशी आहे. बाहेर २०० लिटरचा स्टीलचा ड्रम, त्याला खाली हवेची चार भोकं आणि वर झाकणात धुराडं. आत साधारण ११० लिटरचा दुसरा ड्रम, त्याला पट्ट्याने आवळायचं झाकण, आणि त्याच्या बुडातून निघून खालच्या जाळात येणारा एक भोकं पाडलेला पाइप. आतल्या ड्रममध्ये कोळशाचं लाकूड भरायचं, दोन ड्रमच्या मधल्या जागेत आणि खाली साधं जळण पेटवायचं. आतल्या लाकडाला हवा मिळत नाही म्हणून ते पेटत नाही, नुसतं भाजून निघतं. भाजताना त्यातून जो वायू सुटतो, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, मिथेन, डांबराची वाफ असं सगळं मिसळलेलं, तो पाइपातून खाली जाळात येतो आणि तिथेच पेटतो, म्हणजे एका वेळेनंतर भट्टी स्वतःच्याच वायूवर चालते आणि तुम्ही जळण घालायचं बंद करता. कल्पना झकास आहे, त्याबद्दल तक्रारच नाही.

एकाच ड्रमची पद्धत पण असते, त्यात लाकूड थेट ड्रममध्येच पेटवायचं, नीट धरलं की खालची भोकं वाळूने बुजवायची, वर झाकण, कडेने माती लिंपायची. फुकटात होतं, मी आधी एकदा करून पाहिलं होतं. पण त्यात कोळसा व्हायला जी धग लागते ती त्याच लाकडातून येते, म्हणजे एक भाग जाळून दुसरा भाग कमवायचा, आणि दहा मिनिटं लक्ष चुकलं की हातात राख. धूर तर विचारू नका. म्हणून दोन ड्रमवालीकडे वळले.

जोडायला तासभर लागला, पाना आणि स्क्रूड्रायव्हर पुरतो. पहिल्यांदा रिकामीच पेटवून रंग आणि आतलं तेल जाळून टाका असं पत्रकात लिहिलंय, ते खरंच करा. इथेच पहिली तक्रार. तो गॅसचा पाइप गॅल्व्हनाइज्ड दिलाय, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेला. जस्त ४२० अंशांना वितळतं आणि जाळात त्याची पांढरी वाफ निघते, ती छातीत गेली की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, धातूकाम करणाऱ्या कोणालाही विचारा. रिकामी पेटवली तेव्हा पाइपावर पांढरी कापसासारखी बुरशी दिसायला लागली आणि मला लगेच समजलं हे काय आहे ते, लांब झाले. विकणाऱ्यांना कळवलं तर उत्तर काय, 'पहिल्यांदा थोडा धूर येतो, नॉर्मल आहे.' नॉर्मल कसलं! जाळात राहणारी वस्तू गॅल्व्हनाइज्ड देतात का कोणी? साधा काळा लोखंडी पाइप आणून भोकं पाडून बसवला, अर्ध्या तासाचं काम, पण ते मी का करायचं. अर्धा स्टार इथेच गेला.

आता पहिली भट्टी. लाकूड तीन आठवड्यांपूर्वी तोडलेलं, वरून कोरडं वाटत होतं, साल सुटायला लागली होती, म्हटलं झालं वाळून. सकाळी आठला पेटवली. तासाभरात धुराड्यातून पांढराशुभ्र दाट धूर, मी खूश. दोन तास झाले, तसाच पांढरा. तीन तास झाले, तसाच. जळण संपत आलं, बाजूला ठेवलेलं दुसऱ्या खेपेचं लाकूड पण जाळात घातलं. दादा येऊन उभा राहिला, जरा वेळ बघितलं आणि म्हणाला, 'अगं, तू कोळसा करतेयस की वाफारा घेतेयस?'

त्याचं बरोबर होतं, ती सगळी वाफच होती. ताज्या तोडलेल्या लाकडाचं निम्म्याजवळ वजन पाण्याचं असू शकतं. माझं ४० टक्के धरलं तरी ३४ किलो लाकडात साडेतेरा किलो पाणी झालं, म्हणजे एक बादली भरून पाणी मी बाहेरून सरपण घालून आटवत बसले होते. आणि पाणी असेपर्यंत लाकडाचं तापमान १०० च्या फारसं वर चढत नाही, तुम्ही खाली कितीही जाळा. दुपारी तीनला दमून सोडून दिलं. उघडलं तेव्हा वरचे तुकडे काळे, मधले चॉकलेटी, आणि तळाचे नुसते गरम लाकूड, सालीसकट.

त्यानंतर आधी लाकडाचं वेळापत्रक बदललं. आता तोडून, फोडून, छपराखाली वारा खेळेल असं रचून निदान सहा-आठ महिने ठेवलेलंच घेते, जाड असेल तर वर्षभर. ओलावा मोजायचं छोटं दोन सुयांचं मीटर मिळतं ते घ्या, पण सुया बाहेरच्या अंगाला खुपसून काही कळत नाही, तुकडा मधोमध फोडायचा आणि ताज्या फोडीवर टोचायचं. २० टक्क्यांच्या खाली आलं तरच भट्टीत. मीटर नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा, सुकं लाकूड खणखणीत वाजतं, ओलं ठप्प करतं.

दुसरी गोष्ट तुकड्यांची. पत्रकात लिहिलंय 'कोणत्याही आकाराचे लाकूड चालेल.' चालत नाही. मनगटाएवढी जाडी आणि वीतभर लांबी, यापेक्षा मोठं असलं की बाहेरून छान काळं दिसतं आणि फोडलं की मधे तपकिरी गाभा. आणि सगळे एकसारखे पाहिजेत, एक जाड नऊ बारीक असं भरलं तर बारीक होऊन जातात आणि जाड कच्चं राहतं, मग तोच एक तुकडा भात्यावर सगळ्यांचा धूर काढतो. गाठीचे तुकडे मी सरळ बाहेरच्या जळणात टाकते.

कठीणच लाकूड का, मऊ का नाही, हे पण करून बघितलं. चौथ्या वेळेला पाइनच्या खोक्यांच्या फळ्या भरल्या (साध्या, रंग नसलेल्या, खिळे काढून. औषध मारलेलं किंवा रंगवलेलं लाकूड चुकूनही नको, जुन्या प्रक्रिया केलेल्या लाकडात आर्सेनिक असतं, ते धुरात आणि राखेत येतं). तोच ड्रम काठोकाठ भरला तर लाकूड बसलं फक्त २२ किलो आणि कोळसा निघाला सहा. पेटतो पटकन, धग पण चांगली देतो, पण चुरतो फार आणि भात्यासमोर बघता बघता संपतो. लाकूड जितकं घट्ट तितका कोळसा घट्ट, ड्रम तोच आणि मेहनत तीच, मग घट्टच का भरू नये.

आता या भट्टीवरचा तापमापक, ज्याची जाहिरातीत सगळ्यात जास्त टिमकी वाजवलीय. मोठी गोल तबकडी, ५०० पर्यंत आकडे, मधे हिरवा पट्टा, दिसायला एकदम कारखान्यातली वस्तू. बसवलाय कुठे? बाहेरच्या ड्रमला! म्हणजे तो जाळाचं तापमान दाखवतो, आतल्या लाकडाचं नाही. पहिल्या भट्टीत लाकूड १०० वर अडकून बसलं होतं आणि काटा ४५० वर, हिरव्या पट्ट्यात, ऐटीत. माझ्यासारखी नवखी बाई त्याच्याकडे बघून भट्टी बंद करणार नाही तर काय करणार.

तापमान महत्त्वाचं नाही असं नाही हां, खूपच आहे. लाकूड आधी वाळतं, मग २७०-२८० च्या आसपास आतून स्वतःच उष्णता सोडायला लागतं, तिथून पुढे गाडी उतारावर लागते. ३०० च्या आसपास थांबलात तर वजन जास्त मिळतं, साधारण ४२ टक्के, पण त्यात पक्का कार्बन ६८ टक्केच, बाकी धूर देणारा माल. ५०० पर्यंत नेलं तर वजन ३३ टक्क्यांवर येतं पण कार्बन ८६ पर्यंत जातो. (हे मोजूनमापून, कोरड्या लाकडाचे आकडे, घरच्या ड्रमकडून एवढी अपेक्षा नको.) मला भात्यासाठी पक्काच हवा, म्हणजे आत ४५०-५०० गाठायलाच पाहिजेत. मग ते कळणार कसं?

धुरावरून आणि आवाजावरून. तिसऱ्या भट्टीला मी तबकडीवर फडकं बांधलं आणि खुर्ची टाकून बसले. पहिला तासभर पांढरा, दाट, ओला धूर, तोंडाजवळ हात नेला तर दमट होतो. मग त्याला पिवळट झाक येते आणि वास बदलतो, आंबूस, शिरक्यासारखा, डोळ्यांना झोंबणारा. तो खरंच शिरक्यातलाच अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड असतो, लाकडातून निघतो. हा पिवळा टप्पा लाकूड मोडायला लागल्याची खूण. थोड्या वेळाने खालून फुर्रर्र आवाज सुरू झाला, वाकून हवेच्या भोकातून बघितलं तर पाइपाच्या प्रत्येक भोकातून पिवळीधमक जीभ बाहेर, मोठ्या गॅसच्या शेगडीसारखी, आणि धुराड्यातला धूर एकदम गायब, वर नुसती थरथरणारी गरम हवा. तिथून मी जळण घालणं बंद केलं. जवळजवळ सव्वा तास ती स्वतःच्या जिवावर फुरफुरत होती. मग जिभा आखूड होत गेल्या, पिवळ्याच्या निळसर झाल्या, आवाज बसत बसत थांबला. तो थांबला की लगेच बंद करायचं नाही, अजून अर्धा तास बाहेरचा जाळ तसाच ठेवायचा, म्हणजे मधले तुकडे पण गाठतात. हे पत्रकात कुठेही नाही.

आणि थंड करणं! पत्रक म्हणतं ४ तास. माझी दुसरी भट्टी चांगली झाली होती, दिवसभराची मेहनत, लाकूड चांगलं सुकं मिळालेलं, वायू पण मस्त पेटलेला. मी ४ च्या जागी ९ तास थांबले, रात्री टॉर्च घेऊन गेले, ड्रमला हात लावला तर कोमट, झाकण काढलं. सुंदर काळे तुकडे, नुसते बघत राहिले. आणि मग मधोमध एक लाल ठिपका दिसला, काजव्याएवढा. मग दोन. मग फूऽऽ करून सगळा मधला भाग लाल झाला, माझ्या डोळ्यांदेखत. ताजा कोळसा हवा मिळाली की प्राणवायू अधाशासारखा ओढतो आणि त्यातच आणखी तापतो, बाहेरून ड्रम कोमट असला तरी मधे धग धरून ठेवलेली असते. झाकण परत घालून आवळेपर्यंत हाताचे केस जळाले, आणि सकाळपर्यंत निम्म्या कोळशाची राख.

तर आता पूर्ण २४ तास हात लावत नाही. आणि दुसरं, थंड होताना आतला ड्रम हवा आत ओढतो, त्याच पाइपातून. म्हणून पाइपातून वायू यायचा पूर्ण थांबला की पाइपाचं तोंड बंद करायला टोपण हवं, आणि ते किटमध्ये दिलेलंच नाही! मी ओल्या चिकणमातीने भोकं लिंपते, झाकणाच्या कडेला पण फिरवते, भेग पडली की परत बोट फिरवायचं. पण वायू येत असताना मात्र चुकूनही बंद करू नका, आत दाब साठतो आणि झाकण उडू शकतं. तसंच पाइपात डांबर साचतं, दर दोन भट्ट्यांनी तार घालून साफ करावा लागतो, त्याच कारणासाठी. बाहेर काढल्यावर सुद्धा आणखी एक दिवस पत्र्याच्या डब्यात, घरापासून लांब, उघड्यावर ठेवते आणि मगच पोत्यात भरते. पाणी मारून पण विझवतात लोक, पण मग तो परत वाळवत बसा, तुकडे तडकतात ते वेगळंच.

तिसऱ्या भट्टीचं झाकण काढलं तेव्हाचं सांगते. ड्रम काठोकाठ भरलेला होता तो चांगला खाली बसलेला, तुकडे आकसलेले पण आकार तसाच, फांदीची वर्तुळं मोजता येतील इतकी स्वच्छ, सालीच्या भेगा पण जशाच्या तशा. एक तुकडा फरशीवर टाकला तर टण्ण, कपबशी ठेवल्यासारखा आवाज. मोडला तर आत चकचकीत, आणि बोटं विकतच्या कोळशाने होतात तशी काळी झालीच नाहीत. दादाला दाखवला, तो म्हणाला 'बरा झालाय.' त्याच्याकडून 'बरा' म्हणजे खूप.

वजन केलं. भरलं होतं ३४ किलो, निघाला ९ किलो ६०० ग्रॅम, म्हणजे २८ टक्के. डब्यावर लिहिलंय '३० टक्क्यांपर्यंत उत्पादन' आणि तेवढ्यापुरतं ते खोटं नाही. पण बाहेरच्या जाळात मी १४ किलो जळण घातलं ते कोणी धरायचं? एकूण ४८ किलो लाकडातून साडेनऊ, म्हणजे २० टक्के. ही चलाखी सगळेच विकणारे करतात बहुतेक, तुम्ही घ्याल तेव्हा विचारा की बाहेरचं जळण धरून आकडा काय. माझं बाहेरचं जळण म्हणजे काटक्या, गाठी, साली, असाही टाकाऊच माल, त्यामुळे मला परवडतं. चांगलं लाकूड विकत आणून जाळणार असाल तर परवडणार नाही.

पत्रकावर अजून एक थाप आहे, 'हा कोळसा पाणी शुद्ध करण्यासाठी वापरा.' पाण्याच्या फिल्टरमध्ये असतो तो सक्रिय कोळसा, त्याला आठशे-नऊशे अंशांना वाफेने, नाहीतर रसायनांनी वेगळी प्रक्रिया करून त्याची बारीक छिद्रं उघडलेली असतात. या ड्रममधून निघतो तो साधा कोळसा, त्यावर विसंबून पाणी पिऊ नका. भुकटी वाया जात नाही मात्र, मी ती कंपोस्टमध्ये मुरवून मग मातीत घालते.

आणि कृपा करून भट्टी किंवा पेटलेला कोळसा बंद खोलीत, गॅरेजमध्ये, पावसाला कंटाळून आत असं नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइड विषारी वायू आहे आणि त्याला वास नसतो, धूर दिसत नाही म्हणजे हवा चांगली असा अर्थ नाही, उलट छान लाल निखारा धूर न देताच तो सोडत असतो. मी पूर्ण उघड्यावर लावते, वारा शेजाऱ्यांकडे नसेल अशा दिवशी, कारण पहिले दोन तास वास येतोच. शेजारच्या काकूंनी एकदा वाळत घातलेले कपडे परत धुतले, तेव्हापासून आदल्या दिवशी सांगून ठेवते.

आता उरलेला एक स्टार. झाकण. आतल्या ड्रमचा पत्रा ठीक आहे पण झाकणाचा फार पातळ. पाचव्या भट्टीला कडेला किंचित वाकल्यासारखं वाटलं, सातव्याला मधे फुगून थाळीसारखं झालं, आठव्याला पट्टा आवळला तरी एका बाजूला करंगळी जाईल एवढी फट. फायबरग्लासची दोरी दिलीय कडेला बसवायला ती तर तिसऱ्या वेळेलाच तुकडे होऊन पडली. माती जास्त लिंपून भागवलं, पण फटीजवळचे तीन-चार तुकडे जळून पांढरे झालेच. विकणाऱ्यांना फोटो पाठवला, ते म्हणाले जास्त तापवलंत. ५०० पर्यंत तबकडी तुम्हीच दिलीत की! चार मेलनंतर 'सुटं झाकण मिळेल' इथवर आलेत, जाड पत्र्याचं आहे का विचारलं त्याला अजून उत्तर नाही.

तोपर्यंत एका वेल्डरकडे तीन मिलिमीटरच्या पत्र्याचं झाकण कापायला दिलंय, कडेला दुहेरी पट्टी मारून, आणि पाइपाला आटे पाडून टोपण पण सांगितलंय. नववी भट्टी त्यावरच. लाकूड रचून तयार आहे, कालच फोडून टोचलं, १७ टक्के.